तुकडा कुठे पाडावा?
शकुंतलेच्या ड्रोन-चित्रणाच्या निमित्ताने

दारव्हा मोतीबाग स्थानकावरून गेली काही वर्षे गाडी गेलेली नाही. मुर्तिजापूर ते यवतमाळ हा ११३ किलोमीटरचा नॅरोगेज मार्ग, ज्याला सारे वऱ्हाड ‘शकुंतला’ म्हणते, जागोजागी गवताखाली गेला आहे. गेल्या उन्हाळ्यात माझ्या भाच्याने दारव्ह्याच्या दोन्ही अंगांना या मार्गाचे ड्रोनने चित्रण केले. रीतसर परवानगी घेऊन, रेल्वेच्या हद्दीबाहेर उभे राहून, ड्रोन नजरेच्या टप्प्यात ठेवून त्याने १२ उड्डाणे केली. मग हार्ड डिस्क माझ्या हाती देऊन म्हणाला, “मामा, तुम्ही याचे तुकडे पाडून द्या. माहितीपट मी जुळवतो.”

काम चार दिवसांचे वाटले होते. त्याला पावसाळा पुरला नाही. कारण पहिल्याच दिवशी एक साधा प्रश्न उभा राहिला आणि तो काही केल्या सुटेना: तुकडा सुरू कुठे करायचा आणि संपवायचा कुठे? हा प्रश्न संगणकाचा आहे असे मी समजत होतो. पुढे लक्षात आले की तो संगणकाहून फार जुना आहे. सलग पसरलेल्या गोष्टीचे कामापुरते तुकडे कसे पाडावेत याचा विचार मोजणीदारांनी केला, रेल्वेवाल्यांनी केला आणि सिनेमावाल्यांनीही केला. यांतली पहिली दोन उत्तरे तर ज्या मातीवरून तो ड्रोन उडाला त्या मातीतच पुरलेली आहेत. त्या उत्तरांचा मागोवा आणि त्यांच्याकडे दुर्लक्ष केल्याने माझ्या हातून झालेली एक चूक, असा या लेखाचा विषय आहे.

चार तास चोवीस मिनिटे

आधी माल किती होता ते सांगतो. प्रत्येक उड्डाण सुमारे २२ मिनिटांचे. अशी १२ उड्डाणे, म्हणजे ४ तास २४ मिनिटे. चित्रण सेकंदाला १०० मेगाबिट या दराने नोंदलेले. त्या हिशेबाने तासाला ४५ गिगाबाइट, आणि एकूण जवळपास २०० गिगाबाइट. पण फाइली १२ नव्हत्या, ४८ होत्या. बऱ्याच कॅमेऱ्यांत फाइल ४ गिगाबाइटची झाली की आपोआप बंद होते आणि दुसरी सुरू होते. फॅट-३२ नावाची जी जुनी साठवण-पद्धत आहे तिला याहून मोठी फाइल पेलत नाही, आणि नवी कार्डे आली तरी ती सवय यंत्रांत राहून गेली. वर सांगितलेल्या दराने ४ गिगाबाइट म्हणजे जेमतेम पावणेसहा मिनिटे. तेव्हा यंत्राने आधीच तुकडे पाडून ठेवले होते. फक्त त्या तुकड्यांना जमिनीवरच्या कशाशीही देणेघेणे नव्हते. एक फाइल पुलाच्या ऐन मध्यावर संपत होती आणि पुलाचा उरलेला अर्धा भाग पुढच्या फाइलीत होता.

नावांचीही तीच तऱ्हा. कॅमेरा फाइलीला अनुक्रमांक देतो. कार्ड पुसले, फोल्डर बदलला की क्रमांक पुन्हा एकपासून. माझ्याकडे ‘०००१’ नावाच्या तीन फाइली होत्या. एक लाडखेडच्या दिशेची, एक कारंज्याच्या दिशेची, आणि तिसरीत नुसते भाच्याचे बूट व उड्डाणाआधीची धूळ.

ड्रोन नजरेच्या टप्प्यात ठेवायचा म्हटल्यावर तो फार लांब जात नाही. एका ठिकाणी उभे राहून पुढे जायचे, परत यायचे, उंची बदलून पुन्हा जायचे. म्हणून बहुतेक जागा चित्रणात दोनदा, काही तीनदा आल्या होत्या: एकदा जाताना, एकदा येताना, एकदा वरून. चार तासांच्या चित्रणात प्रत्यक्ष मार्ग होता तो पंधरा-अठरा किलोमीटरचा.

मी काय केले? जे आजकाल सगळे करतात तेच. फुटेज भरभर पळवले आणि जिथे डोळा थांबला तिथून पाच-दहा सेकंदांचे तुकडे उचलले. कपाशीच्या रानातून गेलेली रुळांची रेघ, बाभळीच्या सावल्या, संध्याकाळचे स्थानक. असे १७३ तुकडे झाले. त्यांना ‘रूळ सुंदर १’, ‘रूळ सुंदर २’, ‘पूल छान’ अशी नावे दिली. डिस्कवर जागा कमी पडू लागली तेव्हा तीन उड्डाणांचे उरलेले चित्रण ‘कंटाळवाणे’ म्हणून पुसून टाकले. कार्ड भाच्याने केव्हाच पुसलेले होते. म्हणजे ते चित्रण जगात कुठेच उरले नाही.

मग एक दिवस ते तुकडे मी आमच्या ओळखीतल्या एका काकांना दाखवले. त्यांनी सारी नोकरी याच मार्गावर गँगमन म्हणून काढलेली. दोन मिनिटे पाहून ते म्हणाले, “हे त उलटं चाललं ना बाप्पा! यवतमाळची गाडी अशी थोडी जाये?” परतीच्या उड्डाणाचा तुकडा मी जाण्याच्या तुकड्याला जोडला होता. मग त्यांनी विचारले, “हे कितव्या किलोमीटरचं हाय?” मला सांगता येईना. शेवटी जरा थांबून म्हणाले, “माही चौकी नाही दिसली याच्यात.”

चौकी म्हणजे फाटकाजवळची एक खोली. ती चित्रणात होती हे मला पक्के आठवत होते. एका उड्डाणात ड्रोन परत वळायच्या आधी तिच्यावर मिनिटभर नुसता घिरट्या घालत होता. तेच मी कंटाळवाणे म्हणून पुसले होते. जुलैच्या पावसात ती चौकी बसली. आता तिथे मातीचा ढीग आहे.

एका जोडीचे शेत

ही चूक नेमकी कुठली, हे शोधताना मी मागे गेलो. पहिला मुक्काम मोजणीचा.

वऱ्हाड प्रांत १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला. पुढे दारव्हा त्या वेळच्या वणी जिल्ह्यात आले. त्याच जिल्ह्याचे पुढे यवतमाळ झाले. १८६० च्या दशकात इथे जमिनीची मोजणी सुरू झाली ती मुंबई इलाख्याच्या पद्धतीने. ही पद्धत गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात १८३५-३६ च्या सुमारास बसवली होती. त्याआधीच्या मोजणीचे प्रयत्न फसले होते, आणि लोकांना त्यांचा जाचही झाला होता.

या पद्धतीतला एक नियम मला आज फार मोलाचा वाटतो. गावाची जमीन तर सलग पसरलेली. मग तिच्यातला एक ‘सर्व्हे नंबर’ किती मोठा धरायचा? याचे उत्तर त्यांनी नकाशाच्या सोयीने काढले नाही. एका बैलजोडीने वर्षभरात जेवढी जमीन वाहता येईल, त्या बेताने नंबराचा आकार ठरवला. त्यामुळे हलक्या जमिनीत नंबर मोठा, भारी जमिनीत लहान आणि भाताच्या जमिनीत त्याहून लहान. तुकड्याचे माप ठरले ते तो तुकडा पुढे कोण आणि कशाने वापरणार यावरून.

मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे भाग १६ आणे. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. हे सगळे शेतकऱ्याला बोटांवर मोजता येत होते. हद्दीवर दगड पुरले गेले. म्हणजे कागद हरवला तरी खूण जमिनीत राहिली. आणि क्रमांकांची शिस्त अशी की १२ नंबराचे भावांत वाटप झाले तर १२/१ आणि १२/२ होतात. शेजारचा १३ नंबर जागचा हलत नाही. जिथे पुढे एकत्रीकरण होऊन गट नंबर आले, तिथे जुन्या नंबराचा नव्याशी मेळ घालणारा तक्ता ठेवावाच लागला. क्रमांक बदलणे म्हणजे इतिहासाशी असलेला दुवा तोडणे, हे महसूल खात्याला ठाऊक होते. ‘रूळ सुंदर १’ म्हणणाऱ्या मला नव्हते.

मोजणीचा हाच विचार देशाच्या पातळीवर भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांत दिसतो. चार अंश लांबी-रुंदीचा एक चौकोन, त्याला क्रमांक. त्याचे १६ भाग, त्यांना ए ते पी अक्षरे. त्या प्रत्येकाचे पुन्हा १६ भाग. या जुन्या क्रमांकनात दारव्हा येते ५५ एच/१५ या पत्रकावर, आणि यवतमाळ ५५ एल/३ वर. ज्याने दारव्हा कधी पाहिले नाही त्यालाही हा क्रमांक सांगितला की जागा सापडते. पुढे विमानातून छायाचित्रे घेऊन नकाशे होऊ लागले तेव्हाही हीच शिस्त राहिली. विमानाच्या प्रत्येक सरळ फेरीला क्रमांक, फेरीतल्या प्रत्येक छायाचित्राला क्रमांक, आणि लागोपाठच्या दोन छायाचित्रांत सुमारे ६० टक्के भाग सामाईक. हा सामाईक भाग वाया गेलेला नसतो. त्याच्यामुळेच एक छायाचित्र दुसऱ्याला जोडता येते आणि दोन्ही एकत्र पाहून उंच-सखल कळते. तुकडे पाडताना कडा एकमेकींवर थोड्या चढलेल्या ठेवाव्यात, हा धडा तिथला.

किलोमीटर आणि खांब

दुसरे उत्तर खुद्द शकुंतलेकडे होते.

मुंबईहून निघालेला मुख्य लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून १८६७ साली नागपूरला पोचला. वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरात आणि तिथून मँचेस्टरच्या गिरण्यांत जाऊ लागला. पण मुख्य मार्गापासून दूर असलेल्या यवतमाळ, दारव्हा, कारंजा, अचलपूर या बाजारांचा कापूस बैलगाड्यांतूनच यायचा. तो गोळा करून मुर्तिजापूरला आणण्यासाठी विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत हे नॅरोगेज फाटे झाले. किलिक निक्सन या कंपनीने त्यासाठी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी उभी केली. रुळांमधले अंतर २ फूट ६ इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर. गाड्या चालवायचे काम जीआयपी रेल्वेकडे आणि १९५१ नंतर मध्य रेल्वेकडे. १९२१ साली मँचेस्टरला बनलेले झेडडी जातीचे वाफेचे इंजिन १९२३ पासून इथे धावले, ते १५ एप्रिल १९९४ पर्यंत. त्यानंतर डिझेल आले.

हा मार्ग प्रवाशाला सलग दिसतो. रेल्वेला तो कधीच सलग दिसला नाही. तिच्या लेखी तो किलोमीटरच्या दगडांचा, क्रमांक दिलेल्या पूल-मोऱ्यांचा, दोन स्थानकांमधल्या सेक्शनचा आणि गँगच्या हद्दींचा मिळून बनलेला होता. कीमन रोज आपली ठरलेली हद्द पायी चालत जायचा आणि ढिली चावी ठोकून पक्की करायचा. रुळाला तडा दिसला तर तो ‘त्या बाभळीपाशी’ असे सांगत नसे. किलोमीटर अमुक, खांब अमुक असे सांगे. तो पत्ता ऐकून मुर्तिजापुरात बसलेल्या माणसाला माणसे कुठे पाठवायची ते कळे. गाडीखाली माणूस जाऊ नये म्हणून केलेली ही तुकड्यांची व्यवस्था होती.

त्यात दिशाही ठरलेली. किलोमीटर कुठून मोजायचे हे एकदा ठरले की रुळाला डावी आणि उजवी बाजू येते. काकांना माझ्या जोडणीतली चूक दोन मिनिटांत दिसली ती यामुळेच. ते पडद्यावर सौंदर्य पाहत नव्हते. ते चालत होते, आणि मी त्यांना मध्येच उलटे फिरवले होते.

पाटी आधी, दृश्य मग

तिसरे उत्तर सिनेमाचे, आणि तेही मुंबई-कोल्हापूर-पुण्याच्या मार्गाने आपल्याच घरातले.

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची चलच्चित्रे दाखवली गेली. ती पाहून सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, कॅमेरा मागवला, आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती चित्रित केली. रँग्लर परांजपे १९०१ च्या डिसेंबरात विलायतेहून परतले तो प्रसंगही त्यांनी टिपला. या चित्रणांत तुकड्यांचा प्रश्न फारसा नव्हता. रीळ संपले की चित्र संपले.

दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’पासून (१९१३) प्रश्न खरा सुरू झाला, कारण आता गोष्ट सांगायची होती. कोऱ्या फिल्मला छिद्रे पाडणे, चित्रित फिल्म धुणे, तुकडे जोडणे ही कामे घरातच चालत, आणि सरस्वतीबाई फाळके त्यांत बरोबरीने राबत. फिल्म महाग होती. प्रत्येक फूट मोजून वापरायचा. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी. बोलपटाच्या काळात सेकंदाला २४ चौकटी हा वेग पक्का झाल्यावर मिनिटाला ९० फूट फिल्म जाऊ लागली, आणि १००० फुटांचे रीळ अकरा मिनिटांत संपू लागले. त्यामुळे तुकडा बराचसा कॅमेऱ्यातच पडायचा. काय घ्यायचे हे आधी ठरवून, तेवढेच घेऊन कॅमेरा थांबवत. ड्रोनचा कॅमेरा उडताना सुरू होतो तो उतरेपर्यंत थांबत नाही, कारण थांबवण्याने काही वाचत नाही. पूर्वी चित्रीकरणाच्या वेळी होणारा विचार आता टेबलावर येऊन पडला आहे, आणि तिथे तो करायला कोणी बसत नाही.

१९३१ मध्ये ‘आलमआरा’ आणि १९३२ मध्ये प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला. चित्र एका पट्टीवर आणि आवाज दुसऱ्या पट्टीवर नोंदला जाई तिथे दोन्हींचा मेळ बसवायला पाटी आणि तिचा खटका अपरिहार्य झाला. पाटीवर चित्रपट, दृश्य, शॉट, टेक. हे सगळे दृश्याच्या आधी चित्रित व्हायचे. शॉट चांगला निघेल की वाईट हे ठाऊक नसतानाच त्याला नाव मिळालेले असे. बिघडलेला टेकही ‘एनजी’ असा शेरा लागून यादीत राहायचा. ‘ओके’ तेवढे ठेवा आणि बाकीचे नावानिशी विसरा, असे नव्हते.

याहून मोठी शिस्त संकलनाच्या टेबलावर होती. संकलक मूळ निगेटिव्हला हात लावत नसे. तिच्यावरून काढलेल्या रशेसच्या प्रतीवर कापाकापी चाले. कापलेले तुकडे कापडी अस्तराच्या पेटीवर आकड्यांना टांगलेले असत. त्या पेटीला ‘बिन’ म्हणत, आणि आजच्या संकलनाच्या सॉफ्टवेअरमधले ‘बिन’ तिथूनच आले. सगळे मनासारखे जुळले की मगच फिल्मच्या कडेला छापलेले क्रमांक पाहून निगेटिव्ह कापली जाई. १९७० च्या दशकात व्हिडिओसाठी टाइमकोड प्रमाणित झाला. त्यातले तास, मिनिटे, सेकंद आणि चौकटी हे त्या कडेच्या क्रमांकांचेच वंशज.

आणि वृत्तपटांचे काय? फिल्म्स डिव्हिजन १९४८ मध्ये स्थापन झाली आणि तिचे वृत्तपट गावोगावच्या चित्रपटगृहांत दाखवले जात. वृत्तपटाच्या धंद्यात कॅमेरामन फिल्मच्या डब्याबरोबर एक कागद पाठवत असे. त्याला ‘डोप शीट’ म्हणत. कोणत्या दिवशी, कुठे, कोण, कोणत्या क्रमाने दिसते याची ती यादी. संकलक त्या जागी गेलेला नसे. त्या कागदावाचून डब्यातली गर्दी ही नुसती गर्दी होती. ती पूरग्रस्तांची की जत्रेची हे सांगणारा कागदच.

चुन्याची रेघ

ड्रोनच्या काळात हे जुने शहाणपण कुणी पाळलेच नाही असे नाही. आपल्या गावांतच ते पाळले गेले आहे.

इंग्रजी अमदानीत शेतजमीन मोजली गेली, पण घरे जिथे असतात ते गावठाण बहुतेक ठिकाणी मोजणीबाहेरच राहिले. घर होते, पण घराच्या जागेचा नकाशा नव्हता. ही उणीव भरून काढण्यासाठी ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावी झाला, आणि २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली. भारतीय सर्वेक्षण विभाग, भूमी अभिलेख आणि ग्रामविकास यांनी मिळून करायचे हे काम. त्यातून घरमालकाला मिळकत पत्रिका मिळते.

या कामात ड्रोन उडण्याआधी काय करतात ते पाहण्यासारखे आहे. घरोघरच्या हद्दी जमिनीवर चुन्याने आखतात. मालक उभा, शेजारी उभा, ग्रामपंचायतीचा माणूस उभा. ज्याला जे म्हणायचे ते चुन्याची रेघ पडण्याआधीच म्हणून घ्यायचे. मग ड्रोन वर जातो, ठरलेल्या रांगांत, कडा एकमेकींवर चढवून छायाचित्रे घेतो, आणि त्यांच्या जोडणीतून उंचीचा दोष काढलेले एक मापबद्ध चित्र तयार होते.

चुना नसता तर? तर वरून नुसती छपरे दिसली असती. पत्रे, कवेलू, स्लॅब. छप्पर कुणाचे आणि अंगण कुठे संपते हे आकाशातून दिसत नाही, कितीही चांगला कॅमेरा असला तरी. ते खालच्या माणसांना ठाऊक असते आणि त्यांनीच ते आधी जमिनीवर लिहून ठेवायचे असते. हद्दीचा दगड, किलोमीटरचा दगड, सिनेमाची पाटी आणि ही चुन्याची रेघ या चारही गोष्टी मला एकाच कुळातल्या वाटतात. चारही ठिकाणी तुकड्याची खूण आधी पडते आणि चित्र किंवा नोंद मागून येते. माझी चूक होती ती ही: मी खुणेवाचून चित्रणाला बसलो, आणि खुणेच्या जागी आवड बसवली.

पुन्हा मांडणी

ऑगस्टमध्ये मी नऊ उड्डाणांचे शाबूत चित्रण आणि तीन उड्डाणांचे उरलेले तुकडे घेऊन पुन्हा बसलो. ज्यांना असे काम करायचे आहे त्यांच्यासाठी पद्धत सांगतो. तिच्यात माझे स्वतःचे फारसे काही नाही.

पहिले, मूळ फाइलींच्या दोन प्रती, दोन वेगळ्या डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत. मूळ फाइल कापायची नाही आणि तिचे नावही बदलायचे नाही. कापाकापी हलक्या दर्जाच्या प्रतीवर. तिथेही खरे कापणे नाही, फक्त आरंभ आणि अंताच्या खुणा. रशेस आणि निगेटिव्हचा हा जुनाच न्याय.

दुसरे, यंत्राने तोडलेले आधी सांधायचे. एका उड्डाणाच्या चारही फाइली एका ओळीत लावल्या की पुलाचे दोन अर्धे एक होतात. तुकडे पाडायचे ते त्यानंतर.

तिसरे, तीन पायऱ्या: उड्डाण, पट्टा, तुकडा. पट्टा म्हणजे ड्रोनची एका दिशेची एक सलग फेरी. ड्रोन वळतो तिथे पट्टा संपतो; ही हद्द नैसर्गिक आहे, तिला वाद नाही. पट्ट्याच्या नोंदीत दिशा लिहायचीच. मी मुर्तिजापूरला शून्य धरून ‘चढती’ आणि ‘उतरती’ असे शब्द वापरले. तुकडा म्हणजे पट्ट्यातली जमिनीवरची एक ओळखता येणारी जागा: मोरी, फाटक, वळण, स्थानकाचे आवार. क्रमांक ७/२/३, म्हणजे सातव्या उड्डाणाचा दुसरा पट्टा, तिसरा तुकडा. पुढे त्याचे आणखी भाग पडले तर पोटहिस्से, पण शेजारचा क्रमांक हलायचा नाही.

चौथे, जागेचा पत्ता. बऱ्याच ड्रोनमध्ये चित्रणासोबत उपशीर्षकांसारखी एक छोटी मजकुराची फाइल तयार करता येते. तिच्यात क्षणोक्षणीचे अक्षांश-रेखांश आणि उंची असते. ती सोय उडण्याआधी चालू करावी लागते आणि फाइली हलवताना ही छोटी फाइल मागे राहता कामा नये. लोक ती कचरा समजून पुसतात. खरे तर ती यंत्राने लिहिलेली डोप शीट आहे. फक्त ती ड्रोन कुठे होता ते सांगते. कॅमेरा तिरका असेल तर दिसते ती जागा पुढे असते, म्हणून माणसाची नोंद लागतेच.

पाचवे, तुकड्याच्या दोन्ही टोकांना पाच-पाच सेकंद जास्त ठेवायचे. जोडणाऱ्याला हात घालायला जागा हवी, आणि शेजारच्या तुकड्याशी ओळख पटायला सामाईक भाग हवा.

सहावे, तुकड्याची लांबी वापरणाऱ्यावरून. भाच्याला माहितीपटासाठी आठ-दहा सेकंद पुरतात. एखाद्या मोरीचे बांधकाम अभ्यासणाऱ्याला मिनिटभर लागते. काकांना स्थानक ते स्थानक न तोडता हवे. तेव्हा तिघांसाठी तीन वेगळ्या याद्या, मूळ एकच. एका जोडीचे शेत केवढे हे जोडीवर ठरते.

सातवे, कंटाळवाण्या भागाला ‘कंटाळवाणा’ असा शेरा द्यावा आणि तो ठेवावा. फिल्मच्या काळातला एनजी टेक यादीत राहायचा तसा.

ही सगळी नोंद मी साध्या मजकुराच्या फाइलीत, मराठीत केली, आणि तिची छापील प्रत काढली. सॉफ्टवेअर बदलतात, त्यांच्या पोटातल्या खुणा पुढच्या सॉफ्टवेअरला वाचता येतीलच असे नाही. कागद वाचता येतो.

काका रोज संध्याकाळी येऊन बसत. मी पट्टा चढत्या दिशेने लावायचा आणि त्यांनी जागा सांगायच्या. कुठल्या मोरीखाली पावसाळ्यात पाणी तुंबायचे, कुठल्या वळणावर इंजिनाचा वेग कमी करावा लागे, कुठे कापसाच्या गाठींची मालगाडी बाजूला उभी राहायची. नकाशावर यातले काही नाही. नऊ उड्डाणांच्या नोंदींत आता २१४ तुकडे आहेत, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिकांच्या पुढे काकांनी सांगितलेली किमान एक ओळ आहे.

वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या ब्रॉडगेज मार्गाचे काम चालू आहे. त्यातला वर्धा ते कळंब हा भाग फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरूही झाला. शकुंतलेचे रुंदीकरण व्हावे ही मागणी जुनी आहे. ते झाले तर आनंदच आहे. पण दोन्ही परिस्थितींत हे अडीच फुटी रूळ, या मोऱ्या, ही फाटके आज आहेत तशी राहणार नाहीत. उद्या कुणी विचारेल की अमुक किलोमीटरला काय होते, तेव्हा ‘रूळ सुंदर ४१’ त्याच्या कामाचे नाही.

पुसलेल्या तीन उड्डाणांची पानेही मी नोंदवहीत ठेवली आहेत. सातव्या उड्डाणाच्या पहिल्या पट्ट्यात तिसऱ्या तुकड्यापुढे लिहिले आहे: ‘फाटकाची चौकी, सुमारे एक मिनिट, ड्रोन स्थिर. चित्रण माझ्या हातून पुसले गेले. चौकी जुलैत पडली.’ त्याखाली काकांनी चौकीचे वर्णन सांगितले ते आहे: दार कोणत्या बाजूला, खिडकी कुठे, कंदील कुठल्या खिळ्याला. दिवाळीनंतर कापूस वेचून रान मोकळे झाले की भाचा पुन्हा उडणार आहे. या खेपेस आम्ही आधी पायी जाणार आहोत, हद्दीबाहेरून चालत, काकांना बरोबर घेऊन. आणि प्रत्येक मोरीसमोर शेताच्या बांधावर चुन्याने तिचा क्रमांक लिहिणार आहोत, वरून वाचता येईल एवढा मोठा.